डबल जास्वंदीत पुंकेसर का दिसत नाहीत? झाडाला रोग आहे का?

रोगबिग काही नाही, औषध अजिबात मारू नका. मुलीला शाळेत फुलाचे भाग दाखवायचेत ना, मग शेजारून एकेरी तांबडी जास्वंद मागून आणा, कारण तुमच्या डबल फुलातले पुंकेसर बरेचसे पाकळ्या होऊन बसलेत.

मी बॉटनीवाली, त्यामुळे थोडं लांबणार. फुलात बाहेरून आत चार मंडलं असतात, निदलं, पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर. कुठे काय उगवणार हे जीन्सचे तीन गट ठरवतात, त्यांना ए, बी, सी म्हणतात. नुसता ए असला की निदल, ए नि बी मिळून पाकळी, बी नि सी मिळून पुंकेसर, आणि नुसता सी म्हणजे स्त्रीकेसर. कोएन आणि मायरोविट्झ या शास्त्रज्ञांनी 1991 मध्ये हे मांडलं, आणि ते कळलं कशावरून तर स्नॅपड्रॅगन हे बागेतलं फूलझाड आणि अ‍ॅरॅबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं एक बारकंसं तण, यांच्या बिघडलेल्या फुलांवरून! धड फुलं बघून हे कधी सुचलं नसतं असं माझं मत.

आता तुमचा मुद्दा. ए आणि सी एका जागी नांदत नाहीत, सी बंद पडला की ए आत घुसतो, मग पुंकेसराच्या जागी बीच्या जोडीला ए आला, म्हणजे झाली पाकळी. अ‍ॅरॅबिडॉप्सिसमधल्या सी जीनचं नाव अ‍ॅगॅमस, त्याच्याकडे अजून एक काम असतं, मधल्या वाढत्या पेशींना 'आता थांबा' सांगायचं. तो पूर्ण बंद असला तर स्त्रीकेसर येतच नाही, त्याजागी फुलातच दुसरं फूल सुरू होतं, मग त्यात तिसरं, असं चालूच.

बागेतल्या डबल गुलाबात सी एवढा ठार बंद नसतो, त्याची हद्द फक्त आत सरकलेली असते, म्हणून बाहेरच्या पुंकेसरांच्या पाकळ्या होतात आणि मधले थोडे वाचतात. जास्वंदीतही दिसायला तोच प्रकार. फूल ब्लेडने उभं चिरून बघा, एखाद्या आतल्या पाकळीच्या कडेला पिवळा परागकोश चिकटलेला सापडू शकतो, अर्धी पाकळी अर्धा पुंकेसर. सापडला तर तो चार्टवर एकेरी फुलाशेजारी लावाच, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा भारी दिसेल.

आणि खत बदलून हे फूल एकेरी होणार नाही. फांदी लावलीत तरी डबलच येणार, फक्त बिया धरायची वाट बघत बसू नका.