चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नका, सोबत जा

तुमची पोस्ट वाचली. वस्तीत जाऊन एचआयव्हीची तपासणी करता, कुणाची रिॲक्टिव्ह आली (म्हणजे पहिल्या चाचणीत लागणीची शंका दिसली) की उपचार केंद्राच्या नावानं चिठ्ठी लिहून देता, आणि त्यातले निम्मे तिथं पोचतच नाहीत. वरिष्ठ म्हणतात, या लोकांना स्वतःच्या जिवाची पर्वा नाही, जागृती वाढवा. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही, असं म्हणणार होते. पण येतो.

चार ओळखीच्या लोकांदेखत रांगेत उभं राहून ज्यानं बोटाला सुई टोचून घेतली, त्याला पर्वा नाही? घोडं पेंड खातंय ते चिठ्ठी आणि केंद्राचं दार यांच्या मध्ये. पोस्टर वाढवून ते हलणार नाही.

पहिल्या चाचणीवरून निदान होत नाही, वेगवेगळ्या किटनी खात्री करावी लागते, विंडो पिरियड (लागण होऊनही चाचणीत न दिसण्याचा सुरुवातीचा काळ) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. मात्र खात्रीची चाचणी ‘पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या इमारतीत’ होत असेल, तर पहिली गळती तिथंच आहे. आधी ती बुजवा.

आता माझं जुनं दुखणं. एक बाई होती, सेक्स वर्कर. उपचार सुरू होते, पण घरमालकाला कळलं आणि एका रात्रीत गाव सोडावं लागलं. औषधं संपली. आमच्याकडे आली तेव्हा स्वतःहून म्हणाली, ‘ताई, गोळ्या परत चालू करायच्यात.’ म्हणजे समजवायचं काहीच बाकी नव्हतं. तिला घेऊन मी एका उपचार केंद्रात गेले. नाव घेत नाही, आता तिथली माणसंही बदललीत. खिडकीतल्या बाबांनी आधी राहण्याचा पुरावा मागितला. मग जुन्या केंद्राचं बदलीपत्र. जुन्या केंद्राला फोन लावला तर म्हणे पेशंटनं समक्ष यावं. जिथून ती जीव मुठीत धरून पळाली, तिथं! वर खिडकीतून मोठ्यानं, ‘ती मधेच औषध सोडलेली बाई कुठाय?’ अख्खा बाकडा वळून बघायला लागला. ती उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि मागच्या दारानं निघून गेली. परत सापडली तेव्हा खोकत होती, वजन उतरलं होतं, टीबी निघाला. तिला एचआयव्हीनं जेवढं दमवलं नाही तेवढं त्या खिडकीनं दमवलं.

पुढे त्याच केंद्रातल्या समुपदेशक मॅडमनी तिला मागच्या खोलीत बसवलं आणि डॉक्टरांकडून औषध सुरू करून घेतलं. बदलीपत्र नंतर त्यांनीच मागवलं. म्हणजे रस्ता होता, खिडकीला तो दाखवायचा नव्हता. तेव्हापासून माझं ठाम मत: पहिला पेशंट पाठवायच्या आधी आत एक माणूस जोडून ठेवा. समुपदेशक, नर्स, डेटा एंट्रीवाला, कुणीही. खिडकीवर कागद अडला तर भांडू नका, ‘हा नियम लेखी द्याल का?’ एवढं शांतपणे विचारा. बहुतेक वेळा नियम पातळ होतो. (प्रत्येक ठिकाणी चालेलच असं नाही. एकदा मलाच बाहेर काढलं होतं.)

दुसरं म्हणजे घाई करा. ‘आधी मनाची तयारी होऊ दे’ म्हणून आठवडेच्या आठवडे समुपदेशनाला बोलावणारी जुन्या वळणाची माणसं अजून आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्येच सांगितलं की सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) कितीही असो, उपचार सुरू करा. २०१७ मध्ये त्यापुढे जाऊन सांगितलं की निदान पक्कं झाल्यापासून सात दिवसांत, आणि माणूस तयार असेल तर त्याच दिवशी. मेंदूज्वराची शंका असेल तेव्हा मात्र डॉक्टर मुद्दाम थांबतात, तिथं हट्ट धरू नका. मी डॉक्टर नाही, फील्डवरची कार्यकर्ती आहे, तेव्हा औषधांबद्दलचं जे काही लिहितेय ते तुमच्या डॉक्टरांशी ताडून घ्या.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका खाली गेला की तपासणीत सापडत नाही, तर संभोगातून जोडीदाराला लागण होत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. पार्टनर-२ नावाच्या अभ्यासात (२०१९) एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशी ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती. पॉझिटिव्ह जोडीदाराचा विषाणू औषधानं दबलेला, निरोध न वापरता संबंध. जोडीदाराकडून लागण झालेले शून्य. आमच्याकडे ही गोष्ट शेवटच्या पानावर, ‘गैरफायदा घेतील’ म्हणून दडवून ठेवायची पद्धत होती. माझा अनुभव उलटा आहे. गोळी रोज का घ्यायची याचं एवढं पटणारं कारण दुसरं नाही.

जोडीदाराला तपासणीला आणण्याची घाई मात्र करू नका. संमतीशिवाय नाहीच, आणि घरात मारहाण होते का हे आधी एकांतात विचारा. नोंदवहीतला रकाना भरला, पण बाईला घराबाहेर काढलं, असं मी पाहिलंय.

फोनचंही तसंच. फोन कुणाच्या हातात असतो, कोणत्या नावानं विचारायचं, दुसऱ्यानं उचलला तर मी कोण म्हणून सांगायचं, हे नंबर घेतानाच ठरवा. ट्रान्सजेंडर व्यक्तीला तिनं सांगितलेल्या नावानंच हाक, कागदावर काहीही असो. हॉर्मोन चालू असतील तर ‘एआरटीनं (एचआयव्हीच्या औषधांनी) त्यांचा परिणाम जाईल’ ही भीती मनात असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. डोलुटेग्रॅवीर या एचआयव्हीच्या औषधावर आधारलेले उपचार हॉर्मोनसोबत चालतात. डॉक्टरांसमोर हा प्रश्न तुम्हीच काढा.

गोळ्यांची बाटली वाजते. एका खोलीत आठ जण झोपणाऱ्या कामगारासाठी तो खुळखुळाट म्हणजे जाहिरातच. म्हणून लोक गोळ्या पुडीत बांधतात आणि दमटपणानं त्या खराब होतात. बाटलीत कापसाचा बोळा घाला, लेबल काढायचं तर काढू द्या, पण ओलावा शोषणारी पुडी आत राहू द्या. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची औषधं, लोह, कॅल्शियम डोलुटेग्रॅवीरसोबत एका वेळी घेऊ नयेत. डोलुटेग्रॅवीर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. लोह-कॅल्शियम आणि डोलुटेग्रॅवीर दोन्ही जेवणाबरोबर घेतलं तर एकत्र चालतं. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्रॅवीरचा आणखी एक डोस लागतो, तो लिहून दिलाय का हे बघाच.

स्थिरावलेल्या माणसाला तीन ते सहा महिन्यांची औषधं एकदम द्यावीत अशी शिफारस आहे. रोजंदारी बुडवून दर महिन्याला कुणी किती दिवस येईल? केंद्र देत नसेल तर मागा. आणि ठरल्या तारखेनंतर २८ दिवस कुणी आलं नाही की कागदावर ‘उपचार खंडित’ होतं. तुम्ही तेवढं थांबू नका, चुकलेल्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी फोन. परत आलेल्याला ‘का सोडलंस?’ विचारू नका. ‘बरं झालं आलात’ म्हणा आणि सीडी४, टीबीची तपासणी करून घ्या, कारण मधल्या काळात आजार बराच पुढे गेलेला असू शकतो.

तपासणीला येणाऱ्यांना भेटवस्तू द्यावी का, हे तुम्ही विचारलंय. माझं मत, नाही. तो पैसा पहिल्या काही भेटींच्या प्रवासखर्चाला ठेवा, आणि सोबत जायला त्याच वस्तीतला, स्वतः औषधं घेणारा माणूस पगार देऊन नेमा. पगार म्हणतेय, मानधन नाही. रात्री-अपरात्री फोन त्यालाच येणार आहेत. त्याच्या पगाराला तुमच्या संस्थेत कोण नाही म्हणतं ते इथं लिहा, पुढचं त्यावर बोलू.