सायकलचे हँडल घरच्या घरी उंच करता येते का?

वाशीहून बेलापूरपर्यंत पाम बीच रस्त्याने सायकल चालवताना मान आखडते आणि तळहातांना मुंग्या येतात, म्हणून हँडल स्वतःच उंच करता येईल का, असे आपण विचारले आहे. नक्कीच येते; मात्र आधी सीटचे टोक पुढे झुकलेले नाही ना, हे पाहावे, कारण तसे असल्यास अंगाचा भार हातांवर घसरतो आणि हँडल उंच करूनही त्रास उरतो.

त्यानंतर स्टेम, म्हणजे हँडल व फोर्क (पुढचे चाक धरणारा भाग) यांना जोडणारा भाग, कसा बसवला आहे ते पाहावे. स्टेमची नळी फोर्कच्या आत उतरलेली असेल, तर वरचा बोल्ट तीन-चार फेरे ढिला करून, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलका ठोका द्यावा. आतली पाचर सुटते आणि हँडल वर ओढता येते. नळीवर एक मर्यादेची खूण असते. ती बाहेर दिसू लागली, तर नळी आत पुरेशी उरलेली नसते आणि हँडल चालत्या सायकलवर निखळू शकते, म्हणून ती कायम झाकलेलीच राहिली पाहिजे. ठाण्यातल्या दोन पावसाळ्यांत माझ्या सायकलची ही नळी गंजून अशी अडकली की तेल सोडून रात्रभर थांबावे लागले. तेव्हापासून दर मे महिन्यात मी ती काढून, पुसून, ग्रीस लावून बसवतो.

गिअरच्या बहुतेक नव्या सायकलींत स्टेम फोर्कच्या नळीला बाहेरून आवळलेले असते. तेथे स्टेमच्या वरच्या चकत्या खाली घालून किंवा स्टेम उलटे बसवून जेवढी उंची मिळेल तेवढीच. पुन्हा बसवताना वरच्या टोपीचा बोल्ट आधी आणि बेताने आवळावा. त्याचे काम बेअरिंगमधला ढिलेपणा घालवण्याचे आहे, हँडल धरून ठेवण्याचे नाही. मग हँडल चाकाशी काटकोनात आणून बाजूचे दोन बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर न्यूटन-मीटरचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा छापलेला असल्यास तेवढेच, आवळावेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवल्यावर हँडलखाली खटखट जाणवली, तर बाजूचे बोल्ट सोडून टोपीपासून पुन्हा सुरुवात करावी.

एका वेळी एक सेंटिमीटरच उंची वाढवावी, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, ते तपासावे आणि आठवडाभर चालवून मगच पुढचा बदल करावा.