जपानी चित्रकार होकुसाईचं एकच चित्रपुस्तक वेगवेगळ्या संग्रहालयांनी पुन्हा पुन्हा का डिजिटाइझ करायचं?

कारण लाकडी ठशांनी छापलेल्या पुस्तकाच्या दोन प्रती सारख्या नसतात. 'होकुसाई मांगा'चा पहिला भाग 1814 मध्ये आला आणि पंधरावा 1878 मध्ये, म्हणजे होकुसाई जाऊन 29 वर्षं झाल्यावर. चित्रं गिरवून शिकण्यासाठीची ही पुस्तकं इतकी खपली की तेच ठसे वर्षानुवर्षं वापरले गेले. चेरीचं लाकूड कितीही टणक असलं तरी झिजतंच. आधीच्या प्रतीत पैलवानाच्या पाठीची रेघ केसासारखी सलग दिसते, नंतरच्या प्रतीत तीच मध्ये तुटते. चौकटीची रेघ कुठे तुटलीय ते पाहून कोणती प्रत आधीची, हे ठरवता येतं. त्यासाठी दोन्हींचे फोटो शेजारी ठेवावे लागतात, आणि प्रती तर लंडन, वॉशिंग्टन, क्योतो अशा विखुरलेल्या!

साध्या स्कॅनरवर मात्र ही पुस्तकं दाबू नयेत. कागद एकाच बाजूला छापून दुमडलेला असतो, घडी बाहेर, ती फाटते. वरून कॅमेऱ्यानेच घ्यावं. शाईविना उठवलेली नक्षी असेल तर उजेड बाजूने तिरपा हवा, नाहीतर फोटोत कोराच कागद दिसतो.

पाहायचं असेल तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला जपानी चित्रपुस्तकांचा पुल्व्हरर संग्रह ऑनलाइन उघडा. पानं उजवीकडून सुरू होतात, एवढं लक्षात ठेवा.