लडाख केलंय, आता कोलोरॅडोचे पास आणि जुन्या खाणी बाईकवर जमतील का?

दादा, तुमचा प्रश्न वाचला, लेकीकडे डेन्व्हरला चाललाय, खारदुंगला झालेलाय, आता सॅन हुआन डोंगरातले पास, म्हणजे उंच खिंडीतले रस्ते, करायचेत आणि वरच्या पडक्या खाणी बघायच्यात, आपल्या ग्रुपमधलं कोणी जाऊन आलंय का. मी आलेय जाऊन, नाशिकहूनच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उंचीचं टेन्शन आधी काढून टाका. डेन्व्हरच १६०९ मीटरवर आहे, म्हणजे आपलं कळसूबाईचं शिखर जेमतेम तेवढं, आणि तिथे लोक ऑफिसला जातात. सॅन हुआनमधलं सिल्व्हर्टन गाव २८४० मीटर, लेहपेक्षा खाली. तिकडचा नावाजलेला इमोजीन पास १३,११४ फूट, खारदुंगलाच्या पुढे काहीच नाही. एकदोन रात्री सिल्व्हर्टन नाहीतर युरे गावात काढा, पाणी प्या, बस. त्रास उंचीचा नाही, जमिनीचा आहे. लडाखात बीआरओचा, म्हणजे सीमा रस्ते संघटनेचा, रस्ता असतो हो, कितीही फुटका असला तरी रस्ता. इथे इमोजीनला नारळाएवढे सुटे दगड, मधे खडकाच्या पायऱ्या, एकच गाडी जाईल एवढी रुंदी आणि बाजूला दरी, कठडा वगैरे विषयच नाही. म्हणून मोठी जड ॲडव्हेंचर बाईक घेऊन इमोजीनला जाऊ नका, साधी हलकी ड्युअल स्पोर्ट घ्या, डांबरी आणि कच्च्या दोन्हीवर चालणारी, पडली तर एकट्याला उचलता आली पाहिजे. सराव करायचा तर आपल्याकडे सारूळच्या क्रशरकडे जाणारे खडीचे रस्ते आहेत की, फक्त डंपर नसतील अशा वेळी जा. उभं राहून चालवायची सवय नसेल तर ती इथेच करून जा, तिथे शिकायला जागा नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि हा बऱ्याच रायडर लोकांना पटत नाही. तिकडे पास मोजत फिरू नका. आज इमोजीन, उद्या इंजिनिअर, परवा सिनॅमन, फोटो, स्टिकर, झालं! अहो हे रस्ते पर्यटकांसाठी केलेलेच नाहीत, खाणीतला माल खाली आणायला केलेत. ऑटो मिअर्स म्हणून एक माणूस होता, त्याने १८८० च्या दशकात इथे टोलचे रस्ते काढले, खेचरं आणि गाड्या जातील असे. म्हणून कुठला रस्ता उगाच डोंगरावर चढून मधेच संपला तर समजा की वर खाण आहे. उतारावर पिवळट भुकटीचा ढीग दिसला की त्याच्या डोक्यावर बोगद्याचं तोंड शोधा, बाहेर काढून टाकलेली माती आहे ती. तिथून लाकडी मनोऱ्यांची रांग खाली उतरत असेल तर तो माल खाली आणायचा रोपवे, आणि रोपवे जिथे संपतो तिथे मिल, म्हणजे दगड दळून धातूचा माल वेगळा काढायचा कारखाना. एवढं कळलं की पासवर उभं राहून अख्खी दरी वाचता येते.

यासाठी सगळ्यात भारी जागा म्हणजे सिल्व्हर्टनहून अॅनिमस फोर्क्सचा रस्ता, वीसेक किलोमीटर, कच्चा पण सोपा, पहिल्या दिवशी हाच करा. वाटेत युरेका लागतं, तिथे सनीसाइड मिलचा नुसता पाया उरलाय, डोंगराला टेकून टप्प्याटप्प्याने उतरत आलेला. मिल मुद्दाम उतारावर बांधायचे, माल वरून टाकायचा आणि एकेका यंत्रातून आपल्या वजनाने खाली यायचा, पंप कमी, मजुरी कमी. याच सनीसाइडच्या वर लेक एमा नावाचं तळं होतं, त्याच्याखाली खणत खणत इतके जवळ गेले की ४ जून १९७८ ला तळ्याचा तळच फुटला आणि सगळं पाणी चिखल खाणीत. रविवार होता म्हणून आत कोणी नव्हतं. पुढे अॅनिमस फोर्क्स, ११,२०० फुटांवरचं ओसाड गाव, घरं अजून उभी आहेत, आत जाऊन बघता येतात. १८८४ च्या वादळात तेवीस दिवस बर्फ पडला होता तेव्हा लोकांनी घराघरांमधे बर्फातून बोगदे खणले.

आणि यातलं बरंच ओस का पडलं याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो, मला तर हे वाचून गंमतच वाटली. इथल्या खाणी मुख्यतः चांदीवर चालायच्या. जून १८९३ मधे इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या, म्हणजे कोणीही चांदी आणा आणि रुपये पाडून घ्या हे बंद, आणि तिकडे चांदीचा भाव काही दिवसांत आपटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकन सरकारनेही चांदीची सक्तीची खरेदी थांबवली. कोलोरॅडोतल्या खाणी धडाधड बंद पडल्या, ज्यांच्याकडे सोनं निघत होतं त्या तगल्या. आपल्या सराफ बाजारात व्हिक्टोरियाचा रुपया दिसला की मला आता हेच आठवतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिर पास करा, ११,७८९ फूट, इमोजीनपेक्षा पुष्कळ सोपा, उतरलात की पुढे एम्स नावाची वस्ती. वर झाडं नाहीत, कोळसा खेचरांवर आणायचा, परवडत नव्हतं, म्हणून १८९१ मधे इथे पाण्यावर एसी, म्हणजे आपल्या घरात येते त्या प्रकारची, वीज तयार करून तारेने वर गोल्ड किंग खाणीला नेली, उद्योगासाठी एसी वापरण्याचा अगदी सुरुवातीचा प्रयोग. याच नावाची दुसरी खाण सिल्व्हर्टनजवळ आहे, घोळ करू नका, ५ ऑगस्ट २०१५ ला तिच्या तोंडाशी पर्यावरण खात्याचे लोक काम करत असताना मागे साठलेलं पाणी फुटलं आणि एक कोटी लिटरहून जास्त गढूळ पाणी अॅनिमस नदीत, नदी नारिंगी. त्यामुळे ओढ्याचं पाणी कितीही थंडगार वाटलं तरी फिल्टर करूनसुद्धा पिऊ नका, नेहमीच्या फिल्टरने आर्सेनिक शिसं जात नाही. गावातून भरून न्या.

आता खाणीत शिरण्याबद्दल. नाही. टॉर्च आहे, हेल्मेट आहे, थोडंसंच जाऊ, असं काही नाही, अजिबात नाही. आतली हवा ऑक्सिजन नसलेली असू शकते, वासही येत नाही आणि माणूस जागीच कोसळतो. पायाखाली कुजलेल्या फळ्या आणि त्याखाली खोल विहीर असते. जुना डायनामाइट घाम सुटल्यासारखा ओला झालेला सापडतो, हात लावला तर संपलं. शिवाय बऱ्याच जागा खाजगी मालकीच्या आहेत, पाटी दिसली की मागे फिरा, आणि गंजका खिळासुद्धा खिशात टाकू नका. आत जायचीच हौस असेल तर सिल्व्हर्टनजवळ ओल्ड हंड्रेड खाणीत तिकीट काढून छोट्या गाडीतून नेतात, ड्रिल चालवून दाखवतात. काही रायडर याला नाक मुरडतात, मुरडू दे.

इमोजीन शेवटी ठेवा, हात बसल्यावर. पलीकडच्या टेल्युराइड गावाच्या बाजूला साडेअकरा हजार फुटांवर टॉमबॉय खाणीचे अवशेष आहेत, वर शाळा दुकान सगळं होतं, तिथे तासभर तरी द्या.

बारीकसारीक: बर्फामुळे इमोजीनसारखे उंच पास सहसा जूनअखेर जुलैशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे जूनचं तिकीट असेल तर मुक्काम लांबवा. जुलै ऑगस्टमधे दुपारी विजा पडतात, वर झाड नाही म्हणजे तुम्हीच सगळ्यात उंच, पहाटे निघून बाराच्या आत पास उतरलेलं बरं. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. युरे ते सिल्व्हर्टन डांबरी हायवे आहे, तिकडे गाडी उजवीकडून चालवायची, त्यामुळे युरेहून येताना तुम्ही दरीच्या काठाने येता, कठडे बहुतेक नाहीत, बर्फ ढकलायला अडथळा नको म्हणून. आधी सिल्व्हर्टनहून युरेला जा, डोंगराच्या बाजूने राहाल. पॉवर कमी वाटेल, फ्युएल इंजेक्शन असलं तरी हवाच विरळ, खालच्या गियरला निवांत चला.

भाड्याच्या बाईकचे कागद मात्र नीट वाचा, बरेच जण कच्च्या रस्त्यावर न्यायला मनाई करतात आणि मग इन्शुरन्स लागू होत नाही. आपलं भारतातलं लायसन्स मोटरसायकलचं हवं आणि निघायच्या आधी नाशिक आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. तारखा नक्की झाल्या की टाका, कुठल्या दिवशी कुठला पास ते बघून सांगते.