पायवाट डोळ्यांना दिसते, फोटोत का दिसत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: राजगड, हरिश्चंद्रगडाच्या वाटा चालताना सुरेख दिसतात, फोटोत मात्र नुसतं गवत आणि आभाळ उरतं. हाताशी मोबाईल आणि १८–५५ मिमी किट लेन्सचा (कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स; १८ वर दृश्य रुंद, ५५ वर जवळ) कॅमेरा आहे, तर आणखी रुंद दृश्य टिपणारी वाइड लेन्स घ्यावी का?

घेऊ नका. वाइड लेन्सने वाट आणखी बारीक होईल. तुम्ही कुठे उभे राहता आणि किती वाजता, यावर बहुतेक सगळं अवलंबून आहे.

आधी उभं राहण्याची जागा. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची साधारण दीड मीटर. सपाट पठारावर ३० मीटर पुढचा वाटेचा तुकडा त्या उंचीवरून जेमतेम ३ अंशांच्या कोनात दिसतो. वाटेची सगळी वळणं तेवढ्याशा पट्टीत चिणली जातात, आणि गवत गुडघाभर असेल तर तीही झाकली जातात. चालताना हे जाणवत नाही, कारण आपण मान वळवत असतो, दोन डोळ्यांना खोली कळते आणि पायांना वाट आधीच ठाऊक असते. आता वाटेच्या वरच्या अंगाला १० मीटर चढा. तोच तुकडा २० अंशांच्या आसपास दिसू लागतो आणि वळण वळणासारखं दिसतं.

म्हणून वाटेवरच उभं राहून तिचा फोटो काढायची सवय आधी मोडा. चढ संपला की मागे वळून खाली पाहा. किंवा समोरच्या डोंगराच्या उतारावर चढणारी वाट शोधा. तो उतार तुमच्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे वाट पूर्ण उलगडलेली दिसते. अशा ठिकाणी किट लेन्स ५५ मिमीवर न्या, मोबाईलमध्ये २एक्स किंवा ३एक्स वापरा. १८ मिमीवर तीच वाट दोऱ्याएवढी होते. राजगडावर बालेकिल्ल्यावरून संजीवनी माचीकडे पाहिलं की माचीच्या कण्यावरून जाणारी वाट अशीच मोकळी दिसते. तिथे तुमचं तोंड साधारण पश्चिमेला असल्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी येतो आणि माची सपाट भासते. दुपारी चारनंतर उजेड समोरून तिरका येतो, तेव्हा तटबंदीला आणि वाटेला आकार येतो.

कॅमेरा जमिनीलगत नेण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझ्या मते तो दोनच जागी उपयोगी आहे: जिथे वाटेलाच पोत आहे, जसं नाणेघाटात शिल्लक असलेली फरसबंदी, आणि जिथे रानात वाटेवर पानांचा सडा आहे. तिथे १८ मिमी, गुडघ्याखाली कॅमेरा, पहिला दगड लेन्सपासून साधारण एक मीटरवर. गवताळ पठारावर मात्र खाली बसलात की वाट गेलीच.

आता उजेड, आणि इथे घाई करू नका. पायवाट म्हणजे पावलांनी आणि पाण्याने झिजलेला उथळ चर. तो दिसतो कडेच्या सावलीमुळे. कड १० सेंटिमीटर उंच धरली, तर सूर्य क्षितिजाच्या ४५ अंश वर असताना तिची सावली १० सेंटिमीटरच पडते. २० अंशांवर ती २७ होते आणि १० अंशांवर ५७ सेंटिमीटर. म्हणजे एका माणसापुरती वाट सावलीने पूर्ण भरते आणि उजळ गवतात गडद रेघ उमटते. आपल्या अक्षांशावर सूर्य उगवल्यावर साधारण पाऊण तासात १० अंशांवर येतो आणि साधारण दीड तासात २० अंशांवर. काम करायची वेळ एवढीच, आणि तितकीच मावळतीआधी. पूर्वेला उंच कडा असेल तर ऊन उशिरा पोचतं आणि पोचतं तेव्हा सूर्य वर आलेला असतो. अशा जागी संध्याकाळच धरा.

पण हे तेव्हाच जमतं जेव्हा ऊन वाटेला आडवं पडतं. ऊन वाटेच्या दिशेनेच आलं तर कडेला सावली पडतच नाही. नकाशावर वाटेची दिशा आधी पाहून ठेवा. डिसेंबरात सूर्य आपल्याकडे पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. त्यामुळे पूर्व-पश्चिम धावणारी वाट मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर सकाळी सपाट दिसते, तीच डिसेंबरात थोडी उठून दिसते. उत्तर-दक्षिण वाटेची चिंता नाही, ती वर्षभर सकाळ-संध्याकाळ चांगली मिळते. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो; तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेवा.

हंगामाचंही तसंच. सगळ्यांना ऑगस्ट हवा असतो, पण वाटेसाठी उत्तम काळ पहिल्या चांगल्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे: कोवळं गवत चार बोटं वर आलेलं आणि वाट अजून उघडी, तांबडी. ऑगस्टपर्यंत गवत वाटेवर ओणवं होतं. सप्टेंबरअखेर सोनकी फुलते तेव्हा पिवळ्या उतारावरची काळपट वाट पुन्हा वेगळी होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळत्या गवतामागे सूर्य ठेवलात तर तुरे पेटल्यासारखे दिसतात आणि वाट गडद राहते. फेब्रुवारीनंतर गवत आणि माती एकाच रंगाची होते, वर वणव्यांचा धूर. तेव्हा मी रानातल्या वाटाच निवडेन.

रानात, म्हणजे भीमाशंकरसारख्या दाट झाडीत, नियम उलटा. तिथे ऊन नको. पानांतून पडणारे उन्हाचे ठिपके पांढरे फटक होतात आणि त्यांत वाट तुटते. ढगाळ हवा किंवा धुकं हवं. धुक्यात कॅमेरा सगळं करडं करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१.३ वाढवा.

पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, चकाकी कमी करणारा फिरता फिल्टर) लावत असाल तर जपून. ओल्या पानांची चकाकी काढून तो हिरवा रंग गडद करतो, हे खरं. पण पावसात ओल्या वाटेची चमक हीच तिची ओळख असते. रिंग पूर्ण फिरवलीत तर पानांबरोबर वाटही विझते. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहत फिरवा आणि वाट चमकत असतानाच थांबा. शिवाय तो दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, रानात ते परवडत नाही.

चौकटीत वाट खालच्या कडेतून येऊ द्या, अगदी कोपऱ्यातून नको. ती बाजूच्या कडेवर कापली जात असेल तर नजर तिच्याबरोबर फोटोबाहेर जाते. थोडं सरका किंवा उभी चौकट घ्या. शेवटी वाट कुठेतरी पोचायला हवी: खिंड, दरवाजा, बुरूज. माणूस ठेवायचा असेल तर वळणावर, पाऊल उचललेलं, पाय वाटेवर टेकलेले दिसतील असा. हिरव्यात लाल किंवा पिवळा रेनकोट, वाळल्या गवतात निळा. केशरी त्या गवतात हरवतो.

सेटिंग फार नाही. १८ मिमी, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), फोकस २ मीटरवर: एक मीटरपासून क्षितिजापर्यंत पुरेसं स्पष्ट येतं. एफ १६ च्या पुढे किट लेन्स मऊ पडते, म्हणजे बारकावे धूसर होतात. वाऱ्यात गवत हलतं, म्हणून शटर १/२५० ठेवा आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० पर्यंत खुशाल जाऊ द्या.

मोबाईलमध्ये ०.५एक्स टाळा. आणि एचडीआर सावल्या उजळतो, म्हणजे ज्या सावलीसाठी पहाटे उठलात तीच पुसतो. बंद करता येत असेल तर करा. नसेल तर उजळ गवतावर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक झालं की सूर्याची खूण थोडी खाली ओढा.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर दव धरतं. बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या. आणि उंचीच्या शोधात कास किंवा सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) फुलांतून चालू नका. चार जण तसे गेले की तिथे दुसरी वाट पडते. पावसाळ्यात कड्याच्या काठचं गवतही विश्वासाचं नसतं, खाली माती सुटलेली असते.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढून घरी फक्त वाटेवर ब्रश फिरवा, एक्स्पोजर +०.३ ते +०.५. वाट गवतापेक्षा गडद असेल तर तेवढंच उणे. हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) १० ते २० ने कमी करा, कारण पावसाळी हिरवा मातीचा तांबडा रंग दाबून टाकतो. सगळ्या फोटोवर क्लॅरिटी वाढवलीत तर गवताचं पातं न् पातं टोकदार होईल आणि वाट पुन्हा त्यात बुडेल.