गुडघ्यावरचा हात

प्रिय,

‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ या चित्रपटावरचा तुझा लेख वाचला. वीव्हर समलैंगिक, त्याचं लग्न नुसतं दिखाऊ, असा निकाल तू दुसऱ्याच परिच्छेदात देऊन टाकलास. निकाल चुकीचा असेलच असं नाही, पण घाई खटकली.

चित्रपट १९६३चा. इंग्लंडात दोन पुरुषांमधले खासगीतले संबंधसुद्धा १९६७पर्यंत गुन्हाच. पडद्यावर कुणी काही कबूल करणारच नव्हतं. जे आहे ते नजरेत आणि हातांत. कारखानदार वीव्हर, ज्याच्या शब्दावर रग्बी लीगचा क्लब चालतो, क्लबचा खेळाडू, चित्रपटाचा नायक फ्रँक मेचिन याला गाडीतून नेताना त्याच्या गुडघ्यावर हात ठेवतो. बस, एवढंच. पुढे त्याचीच बायको फ्रँकला जवळ ओढू पाहते. नवराबायकोत काय ठरलंय, हे कुणी सांगत नाही. सोयीचं लग्न हा तुझा तर्क आहे, तेव्हा तर्क म्हणूनच मांड.

मला तर वीव्हरपेक्षा म्हातारा जॉन्सन जास्त छळतो. फ्रँकला क्लबात शिरकाव मिळवून देतो आणि मग नुसता त्याच्याकडे बघत राहतो. फ्रँकच्या घरमालकिणीला, मिसेस हॅमंडला, ते लगेच कळतं, ती बोलूनही दाखवते. फक्त जॉन्सन झालेल्या विल्यम हार्टनेलच्या चेहऱ्यासाठी ते प्रसंग पुन्हा बघ.

दिग्दर्शक लिंडसे अँडरसनचा (जन्म बंगळूरचा, बरं का!) फ्रँक झालेल्या रिचर्ड हॅरिसवर जीव जडला होता, हे त्याच्या मरणोत्तर छापलेल्या डायऱ्यांतून कळतं. चिखलात लोळणाऱ्या हॅरिसवर कॅमेरा इतका का रेंगाळतो, हे सांगायला त्या जरूर वापर. पण त्या डायऱ्या वीव्हरच्या गळ्यात कशाला बांधतोस? ही माणसं मुळात डेव्हिड स्टोरीच्या कादंबरीतली, आणि स्टोरी स्वतः लीड्सकडून रग्बी लीग खेळलेला.

आणि मिसेस हॅमंड? तुझ्या लेखात ती जवळपास नाहीच. दोन मुलांची आई, विधवा. नवरा वीव्हरच्याच कारखान्यात मेला, त्याचे बूट ती अजून पॉलिश करून शेकोटीपाशी ठेवते. फ्रँक तिचा भाडेकरू. त्याला तिचं प्रेम हवंय, पण मागता येतं ते दांडगाईनं, नाहीतर फरचा कोट आणून. तो कोट घालून बाहेर पडली की लोकांच्या नजरा तिलाच झेलाव्या लागतात. सोयीचा हिशेब मांडायचाच तर या घरातला मांड. वीव्हरचे दोन परिच्छेद काप, तेवढी जागा तिला पुरेल.

तुझा,
काका