अंगकोर वाटचा सूर्योदय बघायला साठीपुढच्या आई-वडिलांना पहाटे चारला उठवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंबोडियाला चाललाय, बरोबर आई-बाबा आहेत, अंगकोरजवळच्या सिएम रीप गावातल्या हॉटेलवाल्याने ‘सनराइज टूर’ पुढे केलीय, आणि पहाटे साडेचारची गाडी पकडण्याइतकं त्यात काही आहे का.

आहे. पण सूर्यासाठी नाही, सूर्य वर आल्यानंतरच्या तासासाठी. आणि नेमका तो तास बहुतेक टूरवाले नाश्त्यात घालवतात.

मी २०२४च्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर, बायको आणि आईला घेऊन गेलो होतो. आई सदुसष्ट वर्षांची, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र ठणठणीत. आम्ही कोल्हापूरचे. हे सांगतोय कारण आमच्या अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आणि अंगकोर वाटही पश्चिमाभिमुख. पश्चिमेकडे तोंड केलेल्या देवळाचा सूर्याशी काय व्यवहार असतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. किरणोत्सव असतो तो मावळतीचा. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, संध्याकाळची किरणं महाद्वारातून आत शिरून देवीपर्यंत पोचतात. सकाळी त्या देवळाच्या तोंडावर सावलीच असते.

अंगकोर वाटलाही तेच होतं. तुम्ही पश्चिमेकडून आत जाता, समोर देऊळ, त्याच्या पाठीमागे पूर्व. म्हणजे सूर्य देवळाच्या पाठीमागून उगवतो आणि पाच शिखरं तुम्हाला काळी दिसतात, कागदातून कापून काढल्यासारखी. नक्षी, खांब, अप्सरा काही दिसत नाही. फोटोत जे दिसतं ते एवढंच: काळी शिखरं, मागे केशरी आभाळ आणि तळ्यात त्याचं प्रतिबिंब. सुंदर असतं, नाही म्हणत नाही. पण आई पहिल्याच दिवशी म्हणाली, “एवढ्या लांब येऊन देवाला पाठमोऱ्या उजेडात बघायचं व्हय?”

त्या पहिल्या दिवशी आम्ही ग्रुप टूर घेतली होती. बारा जणांची व्हॅन. तीन हॉटेलांसमोर थांबत थांबत पोचलो तेव्हा तळ्याकाठी चार-पाच रांगांत लोक उभे. आभाळ ढगाळ. सहाच्या सुमारास सूर्य उगवणार होता, तो उगवलाही असेल, आम्हाला फक्त करड्याचं पांढरं झालेलं दिसलं. साडेसहाला गाइडने टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं, बाहेर नेऊन एका हॉटेलात तासभर बसवलं, आणि परत आणलं तेव्हा दिवसाच्या टूरची गर्दी आत शिरली होती. अंडी-पाव खाण्यासाठी आम्ही त्या देवळातला सगळ्यात चांगला तास गमावला. राग त्या गाइडवर नाही, त्याला तसाच कार्यक्रम ठरवून दिलेला होता. राग माझ्यावर, की मी आधी नकाशा उघडून बघितला नाही.

म्हणून पहिली गोष्ट: तिकीट तीन दिवसांचं काढा. एका दिवसाचं ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. तीन दिवसांचं तिकीट सलग वापरावं लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस. एका दिवसाचं काढलंत आणि ढग आले तर संपलं. तिकिटावर तुमचा फोटो असतो, ते दुसऱ्याला देता येत नाही, आणि देवळाच्या दारात मिळतही नाही. तिकीटघर वेगळ्या रस्त्याला आहे, पहाटे पाचला उघडतं. पहाटे तिथे रांगेत उभं राहिलात तर सूर्योदय रांगेतच होईल. एकतर ऑनलाइन काढा, नाहीतर आदल्या संध्याकाळी. संध्याकाळी पाचनंतर काढलेलं तिकीट दुसऱ्या दिवसापासून मोजलं जातं, खिडकी साडेपाचला बंद होते, म्हणजे वेळ थोडा असतो. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. जरा फाटकी, कोपरा गेलेली नोट तिथे कोणी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतःचा टुकटुक केला. पहाटेपासून दुपारपर्यंत २५ डॉलर ठरले. टुकटुक म्हणजे मोटरसायकलला जोडलेला समोरासमोर बाकांचा छोटा रथच, चौघं आरामात बसतात. पहाटे वारा लागतो, आई-बाबांना शाल द्या. ड्रायव्हरला एकच गोष्ट नीट समजावून सांगा: पश्चिम दाराशी सोड, आणि साडेसातला पूर्व दाराशी येऊन थांब. पुढच्या सगळ्या सकाळची चावी यातच आहे.

साडेचारला निघालो, पाचला दारात. खंदक सुमारे १९० मीटर रुंद, त्यावरची दगडी वाट, मग गोपुर, मग पुन्हा लांब सरळ फरसबंदी. अंधारात हे सगळं चालायचं असतं आणि दगड सपाट नाहीत. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, प्रत्येकाच्या हातात छोटी बॅटरी असू द्या. तळी दोन आहेत. लोक डावीकडच्या तळ्याशी गोळा होतात, कारण प्रतिबिंब तिथे चांगलं पडतं. आम्ही आईला तिथे नेलंच नाही. वाटेच्या बाजूला ज्या इमारतींना ‘ग्रंथालय’ म्हणतात, त्यातल्या एकीच्या पायरीवर बसवलं, गुडघ्यावर शाल, हातात थर्मासमधला चहा. तिथून शिखरं दिसतात, बसायला मिळतं आणि कोणाचं डोकं मध्ये येत नाही. या दिवशी आभाळ मोकळं होतं. आधी जांभळट, मग अचानक केशरी, आणि मधल्या शिखराच्या उजव्या अंगाने सूर्य वर आला. बरोबर मधल्या शिखराच्या टोकावर उगवलेला बघायचा असेल तर मार्चच्या किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास जावं लागतं, आणि त्या दिवसांची गर्दी माझ्या आईने सहन केली नसती.

आता खरी गोष्ट. सूर्य वर आला की तळ्याकाठची माणसं पाठ फिरवून बाहेर चालू लागतात. तुम्ही उलटे, आत चालायला लागा. समोरची बाजू सावलीत आहे, म्हणजे उजेड कुठे आहे? मागे. देवळाच्या चारही बाजूंना ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर शेकडो मीटर उठावशिल्पं. पूर्वेच्या ओवरीत, दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात, समुद्रमंथन आहे. जवळजवळ ४९ मीटर लांब. आणि सकाळी सातच्या सुमारास ऊन खांबांमधून तिरकं त्या भिंतीवर येतं.

जाण्यापूर्वी एक गंमत. तिथली शिल्पं अपसव्य क्रमाने, म्हणजे देवाला डावीकडे ठेवून बघायची असतात. पश्चिमेचं तोंड आणि हा उलटा क्रम, यावरून काही अभ्यासक म्हणतात की दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकात हे विष्णूचं देऊळ स्वतःच्या समाधीचा विचार करून बांधलं असावं. मरणानंतर त्याला ‘परमविष्णुलोक’ असं नावही मिळालं. हे सगळं आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि उजवी प्रदक्षिणा घालायला निघाली. “समाधी राजाची असंल, देव माझा हाय.” त्यामुळे आम्हाला आधी पश्चिमेच्या उत्तर भागातलं लंकेचं युद्ध लागलं, मग लांबलचक उत्तर ओवरी, आणि मग पूर्वेची. आई-बाबांना चालणं कमी हवं असेल तर शास्त्राप्रमाणे उलटेच, दक्षिणेकडून जा. वाटेत कुरुक्षेत्र लागेल, शरपंजरी पडलेले भीष्म शोधा.

समुद्रमंथनापुढे आम्ही पाऊण तास होतो. त्यातली पहिली वीस मिनिटं आम्ही तिघंच. ९२ असुर एका बाजूला, ८८ देव दुसऱ्या बाजूला, मध्ये विष्णू, त्याच्या खाली कूर्म, आणि वासुकीचं अंग सगळ्यांच्या हातांतून गेलेलं. वाकलेले गुडघे, ताणलेले दंड, एका ओळीत. ऊन सरकेल तसा एकेक चेहरा उजळत होता. आईने तोंडाकडची बाजू बघितली आणि म्हणाली, बरोबर आहे, असुरांनी हट्ट करून तोंड मागून घेतलं होतं आणि मग विषाच्या फुत्काराने भाजले. देवांच्या बाजूला शेपटाशी एक वानर आहे. हा कोण, मंथनात वानर कुठून आला, यावर आमचा वाद झाला, तो सुटला नाही. खालच्या पट्टीत समुद्रातले मासे आणि मगरी आहेत, आणि विष्णूच्या जवळ येतील तसे घुसळणीने त्यांचे तुकडे झालेत. हे बायकोला दिसलं, मला दाखवेपर्यंत दिसलं नव्हतं.

तिथून कोपरा वळलं की दक्षिण ओवरीत स्वर्ग-नरक. यम आहे आणि न्यायनिवाड्याला चित्रगुप्तही आहे. कंबोडियाच्या भिंतीवर चित्रगुप्त बघून आईला फार आनंद झाला, कोणी गाववाला भेटावा तसा.

सगळ्यात वरचा मजला, ज्याला बाकान म्हणतात, पावणेसातच्या सुमारास उघडतो. लाकडी जिना बसवलाय, कठडा आहे, तरी चढ शिडीसारखा. आई खाली बसली, मी जाऊन आलो. गुडघेदुखीवाल्यांनी नाही गेलं तर काही बिघडत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, वरून ओढणी गुंडाळलेली चालत नाही, परत पाठवतात. बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी हा मजला बंद असतो, तारीख आधी बघून घ्या. जिवंत देवस्थान आहे ते, भिक्खू येतात, लोक उदबत्त्या लावतात. बाहेरच्या पश्चिम गोपुरात आठ हातांची भव्य विष्णुमूर्ती आहे, ‘ता रीच’ म्हणतात तिला, अंगावर भगवं-पिवळं वस्त्र. तिथे थांबा. टूरवाले थांबत नाहीत.

पूर्व दाराने बाहेर पडायची वाट मातीची, झाडांतली, जवळपास रिकामी. टुकटुकात बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बाकीची बहुतेक देवळं साडेसातला उघडतात, म्हणून घाई करण्यातही अर्थ नसतो. सूर्योदयाच्या वेळी अंगकोर वाट, स्राह स्रांग तळं, प्रे रूपचं देऊळ आणि फ्नोम बाखेंगची टेकडी एवढीच पाचपासून उघडी असतात. दुसरी एखादी पहाट हाताशी असेल तर स्राह स्रांगला जा, शांत आहे, पायऱ्यांवर बसता येतं.

मग ता प्रोह्म. झाडांची मुळं ज्या देवळावर उतरलीत ते. सातव्या जयवर्मनाने ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ उभारलं. शिलालेखात तिथे राबणाऱ्या-राहणाऱ्यांचा आकडा १२,६४० दिलाय, त्यात ६१५ नर्तकी. डागडुजी आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने कंबोडियाच्या लोकांबरोबर केलीय. काम अवघड, कारण झाड काढावं तर भिंत पडते आणि ठेवावं तर भिंत फुटते. साडेसात-आठला गेलात तर बरं, नऊनंतर फोटोसाठी रांगा लागतात. फळ्यांची वाट केलेली आहे, ज्येष्ठांना सोपं.

बायोनबद्दल मी फार बोलणार नाही. दगडी चेहऱ्यांचं देऊळ, सगळ्यांना आवडतं, मला दमायला झालं होतं. फक्त बाहेरच्या ओवरीतली बाजारहाटाची, स्वयंपाकाची, कोंबड्यांच्या झुंजीची शिल्पं चुकवू नका. बायोन ज्या जुन्या तटबंदीच्या नगरात आहे त्या अंगकोर थोमच्या दक्षिण दारातून आत शिराल तेव्हा दोन्ही बाजूंना ५४ देव आणि ५४ असुर नाग धरून बसलेले दिसतील. म्हणजे पुन्हा मंथनच, एवढं मोठं की त्याच्या मधून रस्ता गेलाय.

अकराच्या आत हॉटेलवर परत. त्यानंतरचं ऊन आई-बाबांसाठी नाही. माकडांपुढे पिशवी उघडू नका. शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका, माशाचा सॉस नको हे वेगळं सांगा.

दुपारी झोप झाल्यावर साडेतीनला परत अंगकोर वाट. तिकीट त्याच दिवसाचं चालतं, वेगळं लागत नाही. सकाळी काळी दिसलेली तीच शिखरं आता समोरून उन्हात, दगड मधासारखा, प्रत्येक खांब आणि प्रत्येक अप्सरा उघडी. तळ्याकाठी मोजकीच माणसं. सकाळच्या पायरीवरच आई बसली. त्या दिवशी ९ तारीख होती. साडेपाचला रखवालदार सगळ्यांना बाहेर काढू लागले तशी ती उठली, पुन्हा एकदा वळून बघितलं आणि घड्याळ दाखवून म्हणाली, “आपल्याकडं अजून चार वाजल्यात. किरणं यायची हायत.” रात्री जेवताना भावाने किरणोत्सवाचा व्हिडिओ पाठवला, तो तिने हॉटेलच्या वेटरलाही दाखवला.